बोन स्कॅनचं औषध 'फेल' झालं म्हणून पेशंटला परत का पाठवतात

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आईंना बोन स्कॅनसाठी पिंपळगावहून पहाटे घेऊन निघालात, पैसे भरले, फाइल झाली, आणि साडेआठला काउंटरवर सांगितलं की आजचं औषध टेस्टमध्ये फेल झालं, टाकून दिलंय, उद्या या. महिन्याभरापूर्वी काकांच्या पेट स्कॅनला पण तसंच, मुंबईची गाडी ट्रॅफिकमध्ये अडकली, आता सगळ्यांना डोस पुरणार नाही, परवा या. तुम्ही विचारताय की एवढ्या मोठ्या हॉस्पिटलला औषधाचा साधा स्टॉक ठेवता येत नाही का, बनवलेलं औषध थोडं इकडेतिकडे झालं म्हणून टाकून का द्यायचं, की मशीन बंद असतं आणि आम्हाला औषधाचं कारण पुढे करतात. राग येणारच, म्हातारं माणूस, दुखणं हाडात, आणि वर हेलपाटा. मी नाशिकमध्ये २२ वर्षं याच कामात आहे, हॉट लॅबमध्ये, म्हणजे जिथे हे औषध तयार होतं त्या खोलीत, म्हणून आतली बाजू सांगते. लांबेल जरा, पण अर्धवट सांगितलं तर तुमचा संशय तसाच राहील.

बोन स्कॅनच्या इंजेक्शनमध्ये दोन गोष्टी असतात. एक एमडीपी नावाचं फॉस्फेटच्या जातीचं रसायन, हाडात जिथे जास्त घडामोड चालू असते, मोडलेलं भरून येतंय किंवा कॅन्सर जाऊन बसलाय, तिथे ते जास्त चिकटतं. दुसरं टेक्नेशियम-९९एम, हे रेडिओअॅक्टिव्ह. एमडीपीला पत्ता माहिती असतो आणि टेक्नेशियम तिथे पोचल्यावर आतून खूण करतं, ती खूण बाहेर गॅमा कॅमेरा टिपतो. आता या टेक्नेशियमचं अर्धं आयुष्य ६ तास. सकाळी सातला १०० असेल तर दुपारी एकला ५०, संध्याकाळी सातला २५, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला जेमतेम सव्वासहा. तुमची द्राक्षं कोल्ड स्टोरेजला ठेवली की टिकतात, याला फ्रीज नाही, बर्फ नाही, अणूला थंडी-ऊन कळतच नाही. मग स्टॉक करणार कसला?

आणि ते लवकर संपतं हाच त्याचा गुण आहे, हे लोकांना पटकन लक्षात येत नाही. आईंच्या अंगात जे जाईल ते रात्रीपर्यंत बरंचसं विझलेलं पाहिजे. शिवाय त्यातून निघणारा गॅमा किरण १४० केईव्हीचा (केईव्ही हे किरणाच्या जोराचं माप), म्हणजे शरीरातून बाहेर पडेल एवढा जोरदार आणि कॅमेऱ्याच्या क्रिस्टलमध्ये अडकेल एवढाच, जणू मापून बनवल्यासारखा. प्रमाण किती म्हणाल तर बोन स्कॅनला साधारण २० मिलिक्युरी (किरण किती निघतात त्याचं माप) देतात, त्यात टेक्नेशियमचं वजन ४ नॅनोग्रॅमच्या आसपास, एका ग्रॅमचे शंभर कोटी भाग करा आणि त्यातले चार घ्या, एवढंच. ही चार नॅनोग्रॅमची गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. एवढ्याशा मालात भेसळ किती लागेल ते तुम्हीच बघा.

टेक्नेशियम खाणीत मिळत नाही. १९३७ मध्ये एमिलिओ सेग्रे आणि कार्लो पेरिए यांनी इटलीत पालेर्मोला ते पहिल्यांदा ओळखलं, तेसुद्धा अमेरिकेत बर्कलीच्या सायक्लोट्रॉनमध्ये, म्हणजे कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्रात, वापरून झालेल्या मॉलिब्डेनमच्या पट्टीत. ग्रीकमध्ये कृत्रिम याअर्थी जो शब्द आहे त्यावरून नाव पडलं. पण सहा तासात अर्धं होणारी वस्तू हॉस्पिटलपर्यंत पोचवायची कशी हा प्रश्न पुढे वीस वर्षं तसाच होता. त्याचं उत्तर १९५० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत ब्रुकहेवनच्या प्रयोगशाळेत वॉल्टर टकर आणि मार्गारेट ग्रीन यांनी काढलं, आणि ते उत्तर आजपण माझ्या लॅबच्या कोपऱ्यात बसलेलं असतं, जनरेटर. टेक्नेशियम पाठवायचंच नाही, त्याची आई पाठवायची, मॉलिब्डेनम-९९. तिचं अर्धं आयुष्य ६६ तास, म्हणजे पावणेतीन दिवस, ती आठवडाभर पुरते आणि तिच्या पोटी टेक्नेशियम जन्मत राहतं. रोज सकाळी आपण तेवढं काढून घ्यायचं, ती परत भरते. आमच्या लाइनमध्ये सगळे याला मिल्किंग म्हणतात, मी आमच्या मुलींना सरळ 'धार काढली का गं' असंच विचारते. पूर्ण भरायला साधारण दिवस लागतो. घाई करून सहा तासांनी परत काढली तर दिवसभराच्या मानाने साठ टक्क्यांच्या आसपास मिळतं, हा आकडा पण लक्षात ठेवा.

गाय म्हातारी होते मात्र. सोमवारी सकाळी जेवढं असतं त्याच्या शुक्रवारी ३६ टक्के उरतं, आणि पुढच्या सोमवारी १७ टक्के. म्हणून नवीन जनरेटर आला नाही की त्या आठवड्यात आमची तोंडं उतरलेली असतात.

ही आई येते कुठून तेही सांगते, कारण खरी शुद्धीकरणाची मेहनत तिथे आहे. दोन रस्ते आहेत. एक म्हणजे रिअॅक्टरमध्ये, अणुभट्टीत, साधं मॉलिब्डेनम ठेवायचं, त्यातल्या मॉलिब्डेनम-९८ ला एक न्यूट्रॉन चिकटला की ९९ झालं. हे स्वच्छ काम आहे, पण सगळ्या अणूंना थोडंच न्यूट्रॉन लागतो, ढीगभर साध्या मॉलिब्डेनममध्ये थोडंसं कामाचं, त्याला धरून ठेवायला जनरेटरमधली नळी, म्हणजे कॉलम, पण मोठा लागतो. दुसरा रस्ता युरेनियमचा. युरेनियम-२३५ चे १०० अणू फुटले तर त्यातले सहाच्या आसपास मॉलिब्डेनम-९९ देतात, आणि सोबत आयोडीन, झेनॉन, रुथेनियम, स्ट्रॉन्शियम, सीझियम, काय वाट्टेल ते. ते सहा अणू या सगळ्या गर्दीतून वेचून काढायचे. रिअॅक्टरमधून काढलेली युरेनियमची टार्गेट्स बहुतेक ठिकाणी कॉस्टिक सोड्यात विरघळवतात, युरेनियम आणि बरेच धातू गाळ होऊन खाली बसतात, मॉलिब्डेनम विरघळलेलं राहतं, मग ते एकामागून एक कॉलममधून गाळत न्यायचं, हे सगळं हात न लावता, जाड काचेमागून, यांत्रिक हातांनी, आणि निघणारे वायूसुद्धा बाहेर जाऊ न देता धरून ठेवायचे. आणि घड्याळ चालूच, तासाला एक टक्का माल आपोआप कमी होतोय. घाई केली तर घाण राहते, निवांत केलं तर माल उरत नाही.

आपल्याकडे हे काम ट्रॉम्बेच्या जिवावर चालतं. तिथली १०० मेगावॅटची ध्रुव ही अणुभट्टी १९८५ पासून आहे, आधीची सायरस १९६० मध्ये सुरू झाली आणि २०१० च्या ३१ डिसेंबरला कायमची बंद झाली. पुढचं प्रोसेसिंग आणि पुरवठा वाशीची ब्रिट ही सरकारी संस्था करते, परदेशी जनरेटर पण येतात. आमचे सिनियर लोक सांगायचे की जुन्या काळी जनरेटर नव्हता, वाशीहून मॉलिब्डेटचं, म्हणजे विरघळलेल्या मॉलिब्डेनमचं, द्रावण यायचं, ते एमईके नावाच्या सॉल्व्हंटबरोबर घुसळायचं, टेक्नेशियम वर सॉल्व्हंटमध्ये जायचं, तो थर काढून आटवायचा आणि उरलेलं सलाइनमध्ये घ्यायचं, रोज सकाळी, प्रत्येक हॉस्पिटलने आपल्या आपल्या लॅबमध्ये. ताक घुसळून लोणी काढायचाच प्रकार. त्या लोकांबद्दल मला मनापासून आदर आहे.

जगात हे बनवणारे रिअॅक्टर बोटावर मोजण्याइतके आणि बरेचसे म्हातारे. २००९ च्या मे महिन्यात कॅनडाचा चॉक रिव्हर बंद पडला तो थेट २०१० च्या ऑगस्टपर्यंत, त्यातच २०१० च्या फेब्रुवारीत हॉलंडचा पेटेन दुरुस्तीला गेला, आणि एप्रिलमध्ये आइसलँडच्या ज्वालामुखीने युरोपातली विमानं थांबवली. मार्च २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय विमानं बंद झाली तेव्हा आम्ही इथे बसून एकेका पेशंटची फाइल घेऊन ठरवत होतो की कुणाचं थांबू शकतं आणि कुणाचं नाही. ते दिवस मला परत नकोत.

आता तुमच्या आईंच्या सकाळीकडे येते.

मी पावणेसातला लॅबमध्ये असते. छातीला टीएलडी बॅज, बोटात रिंग बॅज, दोन्ही आम्हाला किती रेडिएशन लागलं ते मोजणारे, आणि ग्लोव्हज. जनरेटर शिशाच्या विटांमागे, त्यातून दोन सुया वर आलेल्या. एका सुईवर सलाइनची छोटी बाटली उलटी बसवायची, दुसरीवर शिशाच्या डब्यात ठेवलेली रिकामी बाटली, जिच्यातली हवा आधीच काढलेली असते. ती दाबून बसवली की व्हॅक्यूम ओढायला लागतो, सलाइन आतल्या कॉलममधून उतरतं. कॉलम म्हणजे अॅल्युमिनाची पांढरी पावडर भरलेली बोटाएवढी काचेची नळी. मॉलिब्डेटवर दोन ऋण भार असतात, ते पावडरला घट्ट धरून बसतं, पर्टेक्नेटेटवर, म्हणजे टेक्नेशियमच्या विरघळलेल्या रूपावर, एकच, त्याची पकड सैल, सलाइनमधलं क्लोराइड आलं की ते सुटून खाली वाहतं. सगळी युक्ती एवढीच. तीन-चार मिनिटांनी शेवटी हवेचे बुडबुडे जातात, सुर्र असा बारीक आवाज येतो, धार पूर्ण झाली. बाटलीत दिसायला काय, पाण्यासारखं पाणी. रंग नाही, वास नाही. चांगलं आणि वाईट डोळ्यांना सारखंच दिसतं, म्हणूनच टेस्ट.

पहिली टेस्ट, मॉलिब्डेनम खाली उतरलंय का. ही बाटली साधारण ६ मिलिमीटर जाडीच्या शिशाच्या डब्यात घालून मोजायची. टेक्नेशियमचे १४० केईव्हीचे किरण तेवढ्या शिशात जवळजवळ सगळे अडकतात, मॉलिब्डेनमचे ७४० केईव्हीच्या आसपासचे किरण मात्र निम्मे तरी पार होतात, म्हणजे मीटरवर जे दिसेल ते मॉलिब्डेनमचं. मर्यादा अशी की पेशंटला टोचताना १ मिलिक्युरी टेक्नेशियममागे ०.१५ मायक्रोक्युरीपेक्षा जास्त नको. टोचताना, हा शब्द महत्त्वाचा, कारण टेक्नेशियम भराभर संपतं आणि मॉलिब्डेनम हळू, त्यामुळे प्रमाण दिवसभर वाढतच जातं. सकाळी सातला ०.०५ आलं तर आपण म्हणू छान पास, दुपारी एकला तेच ०.०९ च्या वर जातं, आणि संध्याकाळी सातला ०.१७ च्या पुढे, म्हणजे तीच बाटली, कुणी हात लावला नाही, आणि फेल. नवीन मुलांना हे गणित मी पहिल्याच आठवड्यात हाताने करायला लावते. मॉलिब्डेनम अंगात गेलं तर ते लिव्हरमध्ये जाऊन बसतं, बीटा किरण सोडतं, फोटोला काही उपयोग नाही आणि पेशंटला फुकटचा डोस.

दुसरी टेस्ट अॅल्युमिनियमची, कॉलममधली पावडर झिजून आली का. कागदावर एक थेंब, शेजारी स्टँडर्डचा थेंब, आपला ठिपका जास्त गुलाबी झाला तर नको. मिलीला १० मायक्रोग्रॅमची मर्यादा. दोन मिनिटाचं काम आहे.

इथपर्यंत बहुतेक दिवशी सगळं ठीक असतं. गडबड होते ती पुढच्या पायरीला, आणि आईंच्या वेळी साडेआठला सांगितलं म्हणजे वेळ तिथलीच जुळते. पर्टेक्नेटेट एमडीपीला असंच जोडलं जात नाही. एमडीपीची कोरडी पावडर छोट्या बाटलीत येते, तिला आम्ही कोल्ड किट म्हणतो, तिच्यात थोडं स्टॅनस क्लोराइड, म्हणजे कथिलाचं मीठ असतं आणि बाटलीत हवेऐवजी नायट्रोजन. कथिल टेक्नेशियमचं रासायनिक रूप बदलून त्याला जोडायला तयार करतं. पण हवेतला ऑक्सिजन आत गेला की तो आधी कथिलालाच खातो. मग टेक्नेशियम मोकळंच राहतं, ते एमडीपीबरोबर हाडात न जाता थायरॉइड, लाळेच्या ग्रंथी आणि पोटात जातं. उलट कधी टेक्नेशियम बदलतं पण एमडीपीला न लागता बारीक कण होऊन बसतं, ते लिव्हरमध्ये जातं.

हे ओळखायला दोन कागदी पट्ट्या. बोटाएवढ्या लांब, खाली पेन्सिलने रेघ, रेघेवर औषधाचा एक थेंब. एक पट्टी अॅसिटोनमध्ये उभी करायची, एक सलाइनमध्ये. अॅसिटोनमध्ये फक्त मोकळं टेक्नेशियम वर चढतं, बाकी सगळं खाली बसून राहतं. सलाइनमध्ये चांगलं औषध आणि मोकळं दोन्ही वर जातात, ते बारीक कण तेवढे खाली राहतात. पट्ट्या वाळल्या की मधोमध कापायच्या, वरचा तुकडा वेगळा मोजायचा खालचा वेगळा, वजाबाकी केली की कळतं चांगलं किती. ९० टक्क्यांच्या खाली आलं तर ते औषध कुणालाही द्यायचं नाही. तुमच्या द्राक्षांच्या भाषेत सांगायचं तर कंटेनरचं सॅम्पल फवारणीचा अंश तपासायला रेसिड्यू लॅबला जातं तसंच हे, घड कितीही देखणा असू दे, रिपोर्टमध्ये आकडा वर गेला की माल युरोपला जात नाही, आणि तेव्हा तुम्ही पण असं म्हणत नाही की थोडंच जास्त आहे, चढवून टाका.

मी ही पट्टी कधीच चुकवत नाही त्याला कारण आहे. सुरुवातीच्या वर्षांमध्ये मी एका दुसऱ्या सेंटरला होते, तिथे रोज पट्टी करायची पद्धत नव्हती, आठवड्यातून एकदा केली तर केली. एक दिवस मी किटमध्ये पर्टेक्नेटेट ढकलत होते, पाच मिली आत गेलं, तेवढाच आतला नायट्रोजन त्याच सिरिंजने परत ओढून घ्यायला हवा होता म्हणजे दाब समान राहतो. मी घाईत होते, दाब वाढला, पिस्टन मागे यायला लागला, म्हणून मी दाब सोडायला बुचात दुसरी मोकळी सुई खुपसली. झालं. त्या सुईतून खोलीतली हवा आत गेली. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. सहा पेशंटना टोचलं, तीन तास थांबलो, पहिला पेशंट कॅमेऱ्याखाली घेतला आणि स्क्रीनवर गळ्यापाशी थायरॉइडचं फुलपाखरू, खाली पोट लख्ख, आणि बरगड्या, मणके फिकट, धुक्यात असल्यासारखे. दुसरा तसाच. तिसरा तसाच. सहाही स्कॅन वाया. त्यात सुरगाण्याकडचे एक आजोबा होते, आदल्या रात्री एसटीने येऊन सीबीएस स्टँडवर बाकावर झोपलेले. डॉक्टरांनी त्यांना समजावलं, मी बाजूला उभी होते, ते फक्त म्हणाले, मग परत कधी येऊ? रेडिएशन थोडं का होईना त्यांना मिळालं ते मिळालंच, आणि हाती काही नाही. पट्टी केली असती तर सहाही जणांना टोचायच्या आधी वीस मिनिटात कळलं असतं. तुमच्या आईंना टोचायच्या आधी कळलं, दादा. तुम्हाला तो हेलपाटा वाटतोय, मला त्यात एक कुणीतरी दिसतं ज्याने सकाळच्या गडबडीत पट्टी चुकवली नाही आणि बाहेर वीस माणसं बसलेली असताना 'नाही' म्हणायची हिंमत केली.

लगेच दुसरं का नाही बनवलं? बहुतेक वेळा सकाळची सगळी धार त्या दिवसाच्या किटांमध्ये वाटून झालेली असते. साडेआठला फेल कळलं, जनरेटर परत बऱ्यापैकी भरायला दुपारचा एक-दीड, तेव्हाही साठ टक्केच, मग किट, पट्टी, दोनला इंजेक्शन, पुढे तीन तास थांबणं कारण एमडीपी हाडात बसायला आणि बाकीचं लघवीतून जायला तेवढा वेळ लागतो, म्हणजे पाचला पहिला फोटो. तेवढ्या औषधात तीन-चार पेशंट होतात. मग डॉक्टर ठरवतात, ज्याचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी आहे तो आधी, जो लांबून आलाय तो आधी, पिंपळगाव जवळ म्हणून तुम्हाला उद्या. एवढं मात्र तिथे तुम्हाला कुणीतरी खाली बसवून सांगायला पाहिजे होतं, ती चूक आमच्या लोकांची, काउंटरवर 'फेल झालं' एवढंच तोडून सांगतात. संशय असेल तर उद्या रेडिएशन सेफ्टी ऑफिसरना शांतपणे विचारा, रोजच्या टेस्टची नोंद रजिस्टरला असते, जनरेटर, किट, आकडे, सही सगळं.

आता काकांचं. पेट स्कॅनचं औषध एफडीजी, म्हणजे साखरेला फ्लोरिन-१८ लावलेलं, आणि हे ११० मिनिटात निम्मं होतं. यात आई पाठवायची सोयच नाही, सायक्लोट्रॉनमध्ये बनवलं की लगेच पळवायचं. आपल्या देशात पहिला मेडिकल सायक्लोट्रॉन २००२ मध्ये परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरला आला, आता बऱ्याच शहरांत आहेत, पण मशीन, जाड काँक्रीटची खोली, चोवीस तास माणसं, हे सगळं प्रत्येक सेंटरला परवडत नाही, आमच्याकडे मुंबईकडून गाडीने येतं.

बनतं कसं, तर दोन-तीन मिली पाणी, चमचाभर सुद्धा नाही, पण साधं नाही, ऑक्सिजन-१८ वालं. साध्या पाण्यात हा ऑक्सिजन ०.२ टक्के असतो, इथे ९५ च्या पुढे, फार महाग. त्यावर प्रोटॉनचा झोत तास-दोन तास मारायचा, ऑक्सिजन-१८ चं फ्लोरिन-१८ होतं. सोबत थोडं नायट्रोजन-१३ बनतं, झोत ज्या पातळ धातूच्या पडद्यातून येतो त्याचे कोबाल्ट-मँगनीजचे रेडिओअॅक्टिव्ह अंश पाण्यात उतरतात, थोडं ट्रिशियम पण. हे पाणी एका छोट्या काडतुसासारख्या फिल्टरमधून ढकलतात, फ्लोराइड तिथेच अडकतं, पाणी आणि बरीचशी घाण पुढे निघून जाते. मग फ्लोराइडला तिथून सोडवून पूर्ण कोरडं करायचं, थेंबभर पाणी राहिलं तरी ते पुढे जोडलं जात नाही, त्यासाठी अॅसिटोनायट्राइल आणि क्रिप्टोफिक्स नावाचं मदतीचं रसायन लागतं, मग साखरेच्या आधीच्या रूपाला फ्लोरिन जोडायचं, वरची संरक्षक टोकं काढायची, परत दोन-तीन काडतुसांतून गाळायचं, शेवटी ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून, म्हणजे जंतू पण अडकतात. हे सगळं शिशाच्या कपाटात आपोआप, अर्ध्या तासात.

आणि मग टेस्ट. आंबटपणा, क्रिप्टोफिक्स उरलंय का, सॉल्व्हंट उरलंय का, फ्लोरिन सगळं साखरेलाच लागलंय का, एंडोटॉक्सिन म्हणजे जंतूंचं विष, शेवटचा फिल्टर फुटला तर नाही. अर्धं आयुष्य पण मोजतात, १०५ ते ११५ मिनिटांत बसलं पाहिजे, नायट्रोजन-१३ असलं तर आकडा खाली येतो कारण ते १० मिनिटात निम्मं होतं, भेसळ चाल बघून पकडायची ही मला फार आवडणारी युक्ती आहे. स्टरिलिटीचा, म्हणजे जंतू नसल्याचा, रिपोर्ट मात्र १४ दिवसांनी येतो, तोवर औषध देऊन, विझून संपलेलं असतं, म्हणून तिथे सगळा भरवसा बनवण्याच्या पद्धतीच्या शिस्तीवर.

आता रस्त्याचं गणित बघा. मुंबईहून भरून, सही होऊन, आमच्या दारात यायला सगळं धरून २२० मिनिटं लागली तर दोन अर्धी आयुष्यं गेली, चौथाई उरलं. पहिल्या पेशंटला ८ मिलिक्युरी द्यायचे तर तिकडे ३२ भरावे लागतात. आणि जो पेशंट त्यानंतर २२० मिनिटांनी घ्यायचाय त्याच्यासाठी १२८. त्याच आठसाठी! गाडी दोन तास उशिरा आली की निम्म्याहून जास्त गेलं, दहाचे पाच पेशंट पण होत नाहीत. पूर्वी पावसाळ्यात कसारा घाटात दरड पडली की आमच्या पोटात गोळा यायचा. जून २०२५ ला समृद्धीचा इगतपुरी ते आमणे टप्पा सुरू झाल्यापासून घाट टाळता येतो, पण भिवंडी आणि माजिवड्याच्या ट्रॅफिकला अजून औषध नाही. काकांच्या दिवशी जी गाडी तुम्ही शिव्या घालत बघितली असेल तिचा ड्रायव्हर पहाटे कधीतरी निघालेला असतो, हे पण सांगावंसं वाटतं.

डोस कमी असेल तर थोडा कमी देऊन जास्त वेळ फोटो घ्या, असं कुणी म्हणेल, आणि थोड्या फरकाला आम्ही तसं करतोही. पण फार कमी झालं की फोटो दाणेदार येतो, आणि दाणेदार फोटोवर सहा-सात मिलिमीटरची गाठ आहे की नाही हे सांगणारा डॉक्टर अंदाज करत असतो. काकांच्या ट्रीटमेंटचा निर्णय अंदाजावर नको.

तर उद्याचं. आईंना बोन स्कॅनसाठी उपाशी आणू नका, ही चूक फार लोक करतात, उपास पेट स्कॅनला असतो. चहा-नाश्ता करून, नेहमीच्या गोळ्या देऊन आणा. सातला येऊन बसू नका, फोन करून विचारा की औषध पास झालं का, आणि हो म्हणाले की निघा, पिंपळगावहून तासाभरात याल. इंजेक्शन झाल्यावर तीन तासांत चार-पाच ग्लास पाणी पाजा, किडनीचा किंवा हार्टचा त्रास असून पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल तर आधी सिस्टरला सांगा, आणि कॅमेऱ्यावर घ्यायच्या आधी लघवीला नक्की जाऊन येऊ द्या, ब्लॅडर भरलेलं असलं की कमरेचं हाड झाकलं जातं. पूर्वी कुठे पडल्या असतील, हाड मोडलं असेल, दात काढला असेल तर ते पण सांगा, भरून येणारं हाड आणि आजारी हाड स्कॅनवर दोन्ही उजळच दिसतात. घरी लहान नातवंड असेल तर त्या रात्री मांडीवर घेऊन झोपवू नका म्हणावं, दुसऱ्या दिवशी सकाळपासून खुशाल घेऊ दे.